ओसाड जागेचा धनी

शरद ऋतूत जबलपूरच्या टेकड्या जितक्या स्वच्छ दिसतात तितक्या वर्षात एरवी कधी दिसत नाहीत. पावसाने धुऊन निघालेले ग्रॅनाइटचे धोंडे, त्यांच्या फटींतून पिवळे पडू लागलेले गवत, आणि एका प्रचंड शिळेवर उभा असलेला मदन महाल. कोजागिरी आणि दिवाळी यांच्या मधल्या एखाद्या रविवारी शहरातील मराठी घरांतली तरुण मंडळी डबे बांधून निघतात. सकाळी मदन महाल चढतात, दुपारी तेवरला थांबतात आणि उन्हे कलताना भेडाघाटला पोचतात. अशाच एका सहलीत चौघा मित्रांपैकी एकाने तेवरच्या शेतातून बोटभर लांबीची तांबूस खापरी उचलून खिशात घातली, आणि दुसऱ्याने त्याला हटकले. वस्तू क्षुल्लक होती. प्रश्न मात्र क्षुल्लक नव्हे. ज्या जागेचे धनी उरलेले नाहीत तेथील वस्तू घेतली, तर ती कोणाची घेतली?

तेवर म्हणजे कलचुरींची राजधानी त्रिपुरी. जवळचे कर्णबेल ही अकराव्या शतकात राजा कर्णाने वसविलेली कर्णावती. वा. वि. मिराशी यांनी कलचुरींचे शिलालेख आणि ताम्रपट १९५५ मध्ये एकत्र प्रसिद्ध केले. त्याआधी १९५२ मध्ये मो. गं. दीक्षित यांनी त्रिपुरीत उत्खनन करून कलचुरींपूर्वी हजाराहून अधिक वर्षे येथे वस्ती होती हे दाखविले. म्हणजे पायाखालचे शेत हे एका शहराचे नव्हे, एकावर एक रचलेल्या कित्येक शहरांचे छप्पर आहे.

खापरी उचलणाऱ्याचा युक्तिवाद दुबळा नव्हता. येथून कोणी काय नेले नाही? कर्णबेलचे घडीव दगड रेल्वेच्या कंत्राटदारांनी नेल्याची नोंद जुन्या पुरातत्त्वीय अहवालांत आहे. गावकऱ्यांच्या भिंतींत कोरीव दगड बसलेले दिसतात. शेतकऱ्याचा नांगर दर हंगामात खापऱ्या फोडतोच. मग एका हौशी माणसाच्या खिशातील तुकड्याने कोणते पाप होते?

पण ह्या नेण्यांत फरक आहे. गावकऱ्याने भिंतीत बसविलेला दगड गावातच राहतो. त्याच्यावर पुन्हा एका घराचा भार येतो. त्या परिसरातील खेड्यांत भंगलेली मूर्ती झाडाखाली ठेवली जाते, तिला शेंदूर लागतो आणि ती खेरमाई होते. तिचे मूळ नाव हरवते हे खरे. परंतु तिला माणसे पुन्हा मिळतात. कंत्राटदाराच्या हाती गेलेला दगड मात्र केवळ दगड उरतो. ह्या दोघांना एका मापाने मोजणे हा न्याय नव्हे, आळस आहे.

अवघड प्रकरण तिसऱ्याचे. राणी अल्हणदेवीने ११५५ मध्ये भेडाघाटला शिवमंदिर, मठ आणि व्याख्यानशाला बांधल्याचे सांगणारी शिळा फिट्झएडवर्ड हॉल ह्या अमेरिकन संस्कृत पंडिताने एकोणिसाव्या शतकात मिळविली, तिचा लेख वाचून प्रसिद्ध केला, आणि शिळा अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या न्यू हेवन येथील संग्रहात पोचली. हॉलने ती नेली नसती तर तीही एखाद्या पुलाच्या पायात गेली असती, असे म्हणता येते. कदाचित गेलीही असती. तथापि वाचविणे आणि ठेवून घेणे ह्या दोन क्रिया आहेत, आणि पहिलीच्या पुण्याईवर दुसरी खपवून नेण्याची सवय विद्वानांना फार जुनी आहे.

त्याच अमेरिकेत ह्याची उलटी बाजू दिसते. नैऋत्येकडील मेसा व्हर्डे येथे प्युब्लो लोकांच्या पूर्वजांनी कड्यांच्या कपारींत गावे बांधली आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस ती सोडून ते दक्षिणेकडे गेले. १८९१ मध्ये गुस्टाफ नॉर्डेनशेल्ड ह्या स्वीडिश तरुणाने तेथे खोदून भांडी आणि मानवी अस्थी नेल्या. त्या पुढे फिनलंडच्या संग्रहालयात गेल्या. घरे रिकामी, म्हणून बेवारस, असे त्याने धरले असावे. होपी, झुनी आदी समाज तसे मानत नाहीत. पूर्वज तेथेच आहेत, आपण केवळ पुढे सरकलो, ही त्यांची धारणा. २०२० मध्ये त्या अस्थी परत आल्या आणि मेसा व्हर्डेच्या भूमीत पुन्हा पुरल्या गेल्या. सव्वाशे वर्षे धनी होतेच; त्यांना कोणी विचारले नव्हते इतकेच.

हे ध्यानी घेतले की सकाळी चढलेली टेकडीही निराळी दिसू लागते. मदन महाल गोंड राजांचा. १५६४ मध्ये राणी दुर्गावती ह्याच मुलखासाठी लढताना पडली. १८५७ च्या सप्टेंबरात शंकरशाह आणि रघुनाथशाह ह्या पितापुत्रांना जबलपुरातच तोफेच्या तोंडी देण्यात आले. गोंड समाज ह्या प्रदेशात आजही आहे. मग त्यांच्या पूर्वजांच्या वास्तूला ‘ओसाड’ म्हणणारा कोण? ह्या प्रश्नावर हटकणारा मित्रही थोडा गप्प झाला, कारण १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे राज्य बुडविणारे सागरचे मराठे होते, आणि चौघांपैकी दोघांची घराणी त्याच लाटेत नर्मदेकाठी आली होती. दुसऱ्याच्या खिशातील खापरी मोजताना आपल्या पायाखालची जमीन मोजावी लागते, ही गोष्ट सहलीत सोयीची नसते.

खापरीविषयी आणखी एक साधी बाब आहे. उत्खननात तुकड्याला अर्थ येतो तो त्याच्या थरामुळे. वर कोणता थर, खाली कोणता, शेजारी काय सापडले, ह्यामुळे. जागेवरून हललेली खापरी कोणत्याही शतकाची असू शकते, म्हणजे कोणत्याच शतकाची राहत नाही. नांगरानेही हेच होते, हे खरे. परंतु नांगरणारा पोटासाठी नांगरतो आणि खापरी त्याच शेतात राहते.

पुढच्या रविवारी तो मित्र एकटाच तेवरला गेला. नेमकी जागा त्याला सापडेना. हरभऱ्यासाठी जमीन तयार करणाऱ्या शेतकऱ्याला त्याने खापरी दाखवली आणि कोठे ठेवू असे विचारले. शेतकऱ्याने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली, आणि बांधावर, नांगराला लागलेल्या इतर खापऱ्यांच्या ढिगात टाकली.