पडला त्याला उचला

राग हा अवगुण आहे असं आपल्याला शाळेपासून शिकवलं गेलं. शिकवणारा शांत होता, कारण शांत राहणं त्याला परवडत होतं. ज्याला पाणवठ्यावरून कधी कुणी हुसकलं नाही त्याची शांतता आणि आपली शांतता एकच कशी असेल? तरीपण मित्रांनो, एक प्रश्न टाळता येत नाही. आपण पोट्टे रात्री स्पीकरपुढे जमतो, छाती हादरेपर्यंत आवाज वाढवतो, घसा फाटेस्तोवर घोषणा देतो. तेव्हा आपण नेमकं काय करतो? लढतो, की लढल्याचं समाधान फुकटात पदरात पाडून घेतो?

याला दोन बाजूंनी उत्तर येतं. पांढरपेशा म्हणतो, हा नुसता धिंगाणा. त्याला उत्तर देणं सोपं आहे. त्याचा गणपती काही मुक्यानं जात नाही. पण आपलेच वडीलधारे म्हणतात, "अरे, बाबासाहेबांनी वाचायला सांगितलं, नाचायला नाही." हे उत्तर जड जातं. कारण बोलणारा आपला आहे, आणि तो अर्धा खरा आहे. अर्धाच का, हे मला मांडायचं आहे.

आधी जरा लांब जाऊ. १९७६ साली लंडनमध्ये पंक नावाचं गाणं उसळलं. 'सेक्स पिस्टल्स', 'क्लॅश' ही त्यातली गाजलेली नावं. गळा गोड नको, उस्ताद नको, घराणं नको. गिटारवर दोन-तीन जागा बोटांना सापडल्या की पोरगं स्टेजवर. त्याच साली मार्क पेरी नावाच्या बँकेतल्या कारकुनानं 'स्निफिन ग्लू' नावाचं मासिक काढलं. छापखाना नाही, फोटोकॉपीची पानं, हातानं लिहिलेली शीर्षकं. आपल्याकडे त्याच्या थोडं आधीपासूनच पोरं सायक्लोस्टाईलवर अनियतकालिकं काढत होती. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि तिनं नाव घेतलं ते १९६६ सालच्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून. लंडनच्या पोरांना आपली खबर नव्हती, आपल्याला त्यांची नव्हती. पण दुखणं ओळखीचं होतं. छापखाना ज्याचा, व्याकरण त्याचं. गाण्याची बैठक ज्याची, सूरही त्याचाच. मग आपलं म्हणणं आपण खरडायचं आणि आपणच ओरडायचं.

पंकचं पुढं अमेरिकेत हार्डकोअर झालं. आणखी वेगवान, आणखी कर्कश. गाणं दीड-दोन मिनिटांत खलास. एका रात्रीत चार-पाच बँड, स्वस्त तिकीट, बुटकं स्टेज. गाणारा आणि ऐकणारा यांच्यात हाताचं अंतर नाही. गोऱ्यांचाच हा खेळ होता असं समजू नका. वॉशिंग्टनचा 'बॅड ब्रेन्स' हा काळ्या पोरांचा बँड हार्डकोअरच्या पायाभरणीतला. मुंबईतही २००५ च्या सुमारास 'स्क्राइब'सारखे बँड हे वाजवू लागले.

मुंबईत अशा एका रात्री मी उभा राहिलो आहे. शब्द इंग्रजी, त्यातले निम्मे कळले नाहीत. ढोलाचा मार पोटात लागत होता. मधल्या जागेत पोरं एकमेकांच्या अंगावर आदळत होती. आपल्याकडे याला मारामारीच म्हटलं असतं. तेवढ्यात एक जण पडला. मला वाटलं, हा आता तुडवला जाणार. पण चारही बाजूंनी हात आले, गडी उभा झाला, आणि एकानं त्याचा चष्मा उंच धरला, ज्याचा असेल त्यानं न्यावा म्हणून. कुणी हुकूम दिला नव्हता. तो त्या गर्दीचा रिवाजच आहे, जिथं जिथं हे गाणं वाजतं तिथला. पडला त्याला उचला. चार बँड झाले, हे चारदा-पाचदा घडलं.

मी भारावलो, पण हुरळलो नाही. बाहेर आल्यावर पोरं आपापल्या गाड्यांत बसली. त्यांचा राग खोटा होता असं मी म्हणत नाही. बापावर असेल, कॉलेजवर असेल, नोकरीवर असेल. पण त्या रागाचं बिल त्यांच्या घरी येत नाही. आपल्याकडे येतं. पुण्याचं कबीर कला मंच २००२ पासून वस्त्यावस्त्यांत गाणारं. त्यातल्या सागर गोरखे, रमेश गायचोर, ज्योती जगताप यांना २०२० च्या सप्टेंबरात एल्गार परिषदेच्या प्रकरणात अटक झाली. हार्डकोअरवाला व्यवस्था जाळायची गोष्ट इंग्रजीत करतो तेव्हा ती कला ठरते. डफावर मराठीत तीच गोष्ट झाली की फाईल उघडते. राग सगळ्यांचा असतो. तो मोकळा करायची मुभा मात्र जात आणि वर्ग पाहून मिळते.

आवाजाचंही तेच. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. वर्षातले मोजके, फार तर पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात रॉकचे मोठे जलसे व्हायचे. रुग्णालय आणि कॉलेज जवळ म्हणून तो भाग शांतता क्षेत्र ठरला आणि ते जलसे बंद पडले. म्हणजे नियम साहेबाच्या पोरालाही लागला. पण त्याला दुसरं सभागृह मिळालं. वस्तीला दुसरा चौक नसतो.

आता आपल्या राजूरला येऊ. वणी तालुक्यातलं हे गाव कोळशाचं आणि चुन्याचं. जयंतीच्या रात्री आमच्याकडे एकामागून एक गायन पार्ट्या बसायच्या. पेटी, ढोलक, बेंजो, मागं कोरस. एकीनं सवाल टाकायचा, दुसरीनं गाण्यातूनच तो फेडायचा. ही रीत सत्यशोधकांच्या जलशापासून चालत आली. भीमराव कर्डकांनी ती आंबेडकरी जलशात आणली, वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) गावोगाव फिरून जन्मभर गाणी दिली. एका रात्रीत चार-पाच पार्ट्या, स्टेज बुटकं, तिकीट नाहीच. म्हणजे तो मुंबईचा कार्यक्रम आणि आमचा सामना एकाच जातीचे, जात हा शब्द वापरायला आवडत नसला तरी. फरक एवढाच की आमच्या सामन्यात शब्द ऐकावाच लागायचा, नाहीतर सवाल कळणार कसा?

मग डीजे आला. डीजेला मी शिव्या देत नाही. ज्यांना बैलगाडीतून वरात काढू दिली नाही, त्यांची नातवंडं ट्रकभर आवाज घेऊन मुख्य रस्त्यानं जातात तेव्हा त्या आवाजालाही अर्थ असतो. आम्ही इथं आहोत, कानात बोटं घाला नाहीतर ऐका, हा तो अर्थ. वडीलधारे अर्धेच खरे आहेत ते यासाठी. नाचणं हीसुद्धा जागेवर हक्क सांगण्याची एक रीत आहे.

पण दुसरा अर्धा भाग पाहा. तोच डीजे, तोच ठेका दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या मिरवणुकीत वाजतो, आणि तिथं तो आपल्या विरोधातही वाजू शकतो. आवाजाला स्वतःची बाजू नसते. पंकवाल्यांना हे फार लवकर कळलं. त्यांच्या गर्दीत नाझी पोरं शिरली. तीच उडी, तोच घसा, फक्त द्वेष काळ्यांचा आणि परक्यांचा. १९८१ साली 'डेड केनेडीज' या बँडला आपल्याच श्रोत्यांतल्या नाझींना हाकलणारं गाणं करावं लागलं. त्याआधी ३० एप्रिल १९७८ ला लंडनमध्ये वंशद्वेषाच्या विरोधात हजारोंचा मोर्चा ट्रॅफल्गार चौकातून निघून व्हिक्टोरिया पार्कात पोचला. तिथं गोऱ्यांचा 'क्लॅश' आणि काळ्यांचा 'स्टील पल्स' एकाच मंचावर वाजले. रागाला बाजू द्यावी लागते. ती आपोआप येत नाही.

बाजू म्हणजे नुसतं नाव काय? झेंडा निळा केला की राग आंबेडकरी झाला काय? १९४३ साली 'रानडे, गांधी आणि जिना' या भाषणाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी टीकाकारांना उत्तर दिलं. तुम्ही द्वेष करता, असा आरोप होता. त्यांनी तो नाकारला नाही. अन्यायाचा आणि ढोंगाचा तिटकारा ही आपली खरी ताकद आहे, आणि आपल्या ध्येयांवर जे प्रेम आहे त्याचंच ते प्रतिबिंब आहे, अशा आशयाचं ते बोलले. पुढं त्यांनी बुद्ध स्वीकारला, ज्यानं क्रोध जिंकायला सांगितलं. काही जणांना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. प्रतिबिंब खरं की खोटं हे पाहायचं तर मूळ वस्तू शोधायची. रागामागं प्रेम आहे काय? आणि प्रेम घोषणेत दिसत नाही. शेजारी पडला त्याला उचलण्यात दिसतं.

म्हणून गर्दीला तीन साध्या गोष्टी विचारायच्या. पहिली, बाया कुठं आहेत? अमेरिकेतही धक्काबुक्कीत पोरी भिंतीला लागल्या होत्या. नव्वदीच्या सुरुवातीला 'बिकिनी किल'ची गायिका कॅथलीन हॅना मंचावरून पोरांना मागं सारायची आणि पोरींना पुढं बोलवायची. आपल्या मिरवणुकीत माय-बहिणी कडेकडेनं चालतात, आणि मध्यरात्रीच्या आत घरी निघून जातात. काहून? हा प्रश्न त्यांना नाही, आपल्याला आहे.

दुसरी, बाटली कुठं आहे? १९८१ साली वॉशिंग्टनच्या 'मायनर थ्रेट'नं दारू-नशा नाकारणारं गाणं केलं, आणि त्यातून हार्डकोअरच्या पोरांची एक चळवळच उभी राहिली. ना बुद्ध ठाऊक, ना पंचशील, तरी पाचव्या शीलापर्यंत ती पोरं आपल्या अनुभवानं पोचली. नशेतला राग मालकाच्या फायद्याचा असतो हे त्यांना समजलं. आपण तर शील तोंडपाठ म्हणतो.

तिसरी, आवाजाखाली कोण दबलं? त्याच बँडच्या इयन मकेनं पुढं 'फुगाझी' काढला. समोर कुणी हात उगारला की तो गाणं थांबवायचा, तिकिटाचे पैसे परत द्यायचा आणि त्या माणसाला बाहेर पाठवायचा. आपल्या वस्तीत स्पीकरच्या भिंतीमागं खोकणारा म्हातारा आहे, बाळंतीण आहे, पहाटेच्या पाळीला जाणारा कामगार आहे. पोलिसांच्या शिट्टीनं आवाज बंद होणं ही मानहानी. आपल्या माणसासाठी आपण आवाज उतरवणं हा धम्म.

यातला सगळ्यात अवघड भाग मंचावरच्या माणसाचा आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मेली. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धनांचा २०११ चा 'जय भीम कॉम्रेड' तिथूनच सुरू होतो. त्या माणसाच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही, आणि कुणी सांगूही नये. पण आपल्यापुरता धडा घ्यावा. आपण गाणाऱ्याकडून आग मागतो, वन्समोअर मागतो, पहाटेपर्यंत बसवतो. कार्यक्रम संपल्यावर तो कोणत्या घरी गेला, चूल पेटली की नाही, हे किती जण पाहतात? जो आपला राग आपल्यासाठी वाहतो तो पडला तर त्याला कोण उचलणार?

राजूरच्या भट्टीतला कळीचा चुना सगळ्यांनी पाहिला आहे. पाणी पडलं की उकळतो, डोळ्यात गेला तर डोळा जातो. पण म्हणून तो कुणी फेकून देत नाही. भिजवतात, मळतात, आणि मग तो दगडाला दगड धरून ठेवतो. राग विझवा असं मी म्हणत नाही. न उकळलेल्या चुन्यानं भिंत होत नाही. पण नुसत्या उकळण्यानंही होत नाही.

तेव्हा यंदाच्या जयंतीला डीजे आणा किंवा पार्टी बसवा, तो वाद दुय्यम आहे. स्पीकरवाल्याशी भाव करायला जसे चार पोट्टे नेमता तसेच चार जण गर्दीत नेमा, बिल्ला न लावता. पडलेल्याला उचलायला, बायांसाठी पुढची जागा राखायला, बाटलीवाल्याला घरी पोचवायला. गाणाऱ्याला मानधन त्याच रात्री हातात द्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कान वाजत असतानाच, वाचनालयाचं कुलूप उघडा. म्हणजे वडीलधाऱ्यांनाही सांगता येईल की आम्ही नाचलो आणि वाचलोही.

जय भीम.