हृदय घेते तितकेच देते

प्रार्थनेत आपण अंतःकरणाविषयी वारंवार बोलतो. आज आम्ही छातीतील त्या मुठीएवढ्या मांसल हृदयाविषयी बोलू इच्छितो. विसाव्यात असलेल्या प्रौढ मनुष्याचे हृदय दर मिनिटास सुमारे 5 लिटर रक्त पुढे लोटते. कष्टाच्या वेळी याच्या चौपटही. परंतु उत्पन्नकर्त्याने त्याची रचना अशी केली आहे की, शिरांवाटे जितके परत येईल तितकेच ते पुढे धाडू शकते, आणि भरण्यास त्याला दोन ठोक्यांमधील विसावा लागतो.

म्हणूनच जुलाब व वांत्या यांनी अंगातील पाणी गेले म्हणजे हृदय कितीही धावले तरी नाडी क्षीण होते, हातपाय गार पडतात. अशा वेळी लेकराचे पाणी तोडण्याची जुनी रीत (ती मायेपोटीच पाळली जाते, हे आम्ही जाणतो) घातक होय. सन 1971 मध्ये बंगालच्या सीमेवरील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोज घातलेले पाणी पाजून पुष्कळांचे प्राण राखिले. घरी 1 लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवावे व घोटघोट पाजीत राहावे. अंगावरचे दूध तोडू नये. आणि ग्लानी दिसताच, रात्र असली तरी, लेकरास दवाखान्यात न्यावे.