फोन कुठला, हे कशावरून?

हातातला स्मार्टफोन परदेशातून आलेला आहे का, तो एखाद्या मोबाइल कंपनीच्या सिमला बांधलेला आहे का आणि उत्पादकाच्या अधिकृत वितरणातून विकला गेला आहे का, हे तीन प्रश्न बाजारात एका दमात विचारले जातात. पण ते एका जातीचे नाहीत. लॉक ही फोनची आजची स्थिती आहे; आयात आणि वितरण हा त्याचा इतिहास आहे, आणि इतिहास वस्तूच्या अंगावर दिसतोच असे नाही. म्हणून प्रत्येक प्रश्नाला प्रमाण, म्हणजे खात्रीच्या ज्ञानाचे साधन, वेगळे लागते.

‘लॉक नाही’ हे अभावाचे ज्ञान. अभाव कशाने कळतो यावर भारतीय दर्शनांत मोठा वाद झाला. मीमांसक कुमारिल भट्टाने त्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, ते प्रत्यक्षातच बसवले. एका अटीवर मात्र दोघांचे फारसे दुमत नाही: वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही म्हणजे घडा नाही असे ठरत नाही. विक्रेता वाय-फायवर व्हिडिओ चालवून, कॅमेरा उघडून फोन ‘ओके’ असल्याचे दाखवतो, तेव्हा हाच अंधार असतो, कारण वाय-फायला लॉकचे काही सोयरसुतक नाही. मूळ कंपनीचेच सिम रोमिंगवर चालवून दाखवले, तरी सिद्ध काहीच होत नाही. लॉक असलाच तर तो दुसऱ्या कंपनीचे सिम घातल्यावरच आडवा येतो. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये, अबाउटच्या पानावर, कॅरियर लॉकसमोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ अशी ओळ असते. ती उपयोगी आहे, पण ते फोनने स्वतःविषयी केलेले विधान झाले. आपले सिम घालून फोन लावून पाहणे ही त्याहून पक्की परीक्षा.

आयातीचा प्रश्न अनुमानाचा, आणि इथे फसगत जास्त. पाठीवर किंवा खोक्यावर ‘असेंबल्ड इन इंडिया’ छापले आहे, म्हणून फोन भारतात विक्रीसाठीच होता, हा हेतू व्यभिचारी, म्हणजे निष्कर्षाशी नेहमी न जुळणारा, आहे: भारतात जुळवलेले आयफोन मोठ्या संख्येने अमेरिकेला जातात, आणि तिथे विकलेला एखादा प्रवाशाच्या बॅगेतून परत येऊ शकतो. उलट, रीतसर आयात झालेला फोनही पूर्णपणे अधिकृत असू शकतो. त्याच्या खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि करांसह कमाल किरकोळ किंमत असते. ‘असेंबल्ड’च्या छापापेक्षा मॉडेल क्रमांकाचे शेपूट बरे: आयफोनमध्ये ‘एचएन/ए’ म्हणजे भारत, ‘एलएल/ए’ म्हणजे अमेरिका. व्याप्ती, म्हणजे खूण आणि निष्कर्ष यांची अनुमानाला आधार देणारी सांगड, हीही कायमची नसते. २०२२ मध्ये आयफोन १४ अमेरिकेत सिमच्या ट्रेशिवाय निघाला, तेव्हा ‘ट्रे नाही, म्हणून अमेरिकेचा’ हे अनुमान ठीक होते. २०२५ मध्ये आयफोन एअर भारतातही ट्रेशिवायच आला. जुना नियम पाठ असलेल्याने हा फोन ‘बाहेरचा पीस’ ठरवला, तर चूक डोळ्यांची नाही, व्याप्तीची आहे.

अधिकृत वितरणाचा प्रश्न शेवटी शब्दप्रमाणावर, म्हणजे आप्ताच्या, विश्वासार्ह माणसाच्या, सांगण्यावर येतो. वात्स्यायनाच्या न्यायभाष्यात आप्त तो, ज्याला वस्तू साक्षात ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू, असेही तो नमूद करतो. (परदेशी कंपनीच्या नोंदवहीला त्यामुळे शास्त्राची हरकत नाही.) विक्रेता पहिली अट बहुधा पुरी करतो, अडते ते दुसरीपाशी. *#०६# डायल केल्यावर दिसणारा १५ अंकी आयएमईआय हा नोंदवहीपर्यंत नेणारा धागा. त्याचे पहिले ८ अंक मॉडेल सांगतात, शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून गणिताने येतो. हे गणित जुळले तर क्रमांक नियमाप्रमाणे रचलेला आहे एवढेच कळते. ‘केवायएम’ आणि पुढे तो क्रमांक असा एसएमएस १४४२२ वर पाठवला, किंवा दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वर पाहिले, की त्या क्रमांकाचे मॉडेल आणि तो काळ्या यादीत आहे का, हे कळते. दुसऱ्या फोनचा क्रमांक या फोनवर चढवला असेल, तर उत्तर खरेच येईल, फक्त ते दुसऱ्या फोनविषयी असेल. म्हणून पडद्यावरचा, खोक्यावरचा आणि बिलावरचा क्रमांक शेजारी ठेवून ताडून पाहावा लागतो. सरकारी नोंदही फोन कोणत्या दुकानातून गेला हे सांगत नाही. ते बिल सांगते, आणि उत्पादकाकडची वॉरंटीची नोंद.

मग तपासणीची तपासणी कोणी करायची? मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते, बाधक पुढे येईपर्यंत. नैयायिकांच्या मते प्रामाण्य बाहेरून, कृती सफल झाल्यावर ठरते. अधिकृत दुकानात सीलबंद खोके घेणारा नकळत मीमांसक असतो, आणि त्यात गैर काही नाही. जुन्या फोनच्या व्यवहारात न्यायमत जास्त कामाचे. तिथेही शंका अनंत चालत नाही: नैयायिक उदयनाचे म्हणणे असे की, माणूस ज्यावर विसंबून वागतो त्यालाच विरोध करू लागली की शंका थांबते. सिम चालले, तिन्ही क्रमांक जुळले, बिल आणि वॉरंटीची तारीख एक आली, की त्यापुढे शंकेला आधार उरत नाही. फोन बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळत असेल किंवा बिल ‘नंतर देतो’ असे सांगितले जात असेल, तर मात्र तो आधार शिल्लक आहे.