यंत्राशी खोटे बोलता येते काय?

असत्याला दोन माणसे लागतात, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. एक बोलणारा आणि दुसरा फसणारा. रिकाम्या खोलीत भिंतीला उद्देशून कोणी खोटे बोलला, तर आपण त्याला वेडा म्हणू, लबाड म्हणणार नाही. परंतु संत थॉमस अक्विनास यांनी या प्रश्नाची चिकित्सा केली, तेव्हा त्यांनी भर दिला तो ऐकणाऱ्याच्या फसण्यावर नव्हे. मनात एक आणि वाणीत दुसरे, हेच त्यांच्या मते असत्याचे मूळ स्वरूप. समोरचा प्रत्यक्ष फसला की नाही, ही पुढची गोष्ट. शिवाय वाणी म्हणजे केवळ जिभेने उच्चारलेले शब्द नव्हेत, मान हलविणे किंवा खूण करणे हेदेखील बोलणेच, असेही ते सांगतात. सेमिनरीच्या वर्गात हे विवेचन शिकताना आम्हांला ते काहीसे सूक्ष्म, किंबहुना अतिसूक्ष्म वाटत असे. पुढे एका जुन्या मोटारीच्या उघड्या इंजिनाशेजारी उभे असताना त्याची आठवण व्हावी, हा योगच म्हणायचा.

तेराव्या शतकात माणसाने केलेली खूण 'ऐकून' त्याप्रमाणे वागणारे यंत्र अस्तित्वात नव्हते. आज ते आपल्या अंगणात उभे असते. पेट्रोलच्या इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण दाबले जाते, नेमक्या क्षणी प्लगची ठिणगी पडते आणि ज्वाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. मात्र इंजिन फार तापले, पेट्रोल हलक्या प्रतीचे मिळाले किंवा ठिणगी फार आधी पडली, तर ज्वाला पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यात उरलेले मिश्रण आपोआप भडकते. दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात आणि पत्र्यावर खडे फेकल्यासारखा आवाज येतो. यालाच इंजिन 'नॉक' करते असे म्हणतात. हा प्रकार दीर्घकाळ चालला तर पिस्टनला इजा होते. हे टाळावे म्हणून इंजिनाच्या अंगावर एक छोटासा कान बोल्टने आवळलेला असतो, तो नॉक सेन्सर. दाब पडताच विजेचा सूक्ष्म दाब निर्माण करणारा पदार्थ त्यात असतो. पदार्थाचा हा गुण जॅक आणि पिएर क्युरी या बंधूंनी १८८० साली दाखवून दिला. धडधड ऐकू आली की हा कान संगणकाला कळवितो आणि संगणक ठिणगीची वेळ मागे घेतो. इंजिन वाचते.

आता हा कान कोठे बसवावा? निस्सान कंपनीच्या पाथफाइंडर गाडीचे उदाहरण घ्या. अमेरिकेत १९९६ ते २००० या काळात ही गाडी व्हीजी ३३ ई या इंजिनासह मिळत असे. सहा सिलिंडर, ३.३ लिटर, तीन-तीनच्या दोन ओळी इंग्रजी व्ही अक्षराप्रमाणे तिरप्या उभ्या. या दोन ओळींच्या मधल्या दरीत, तळाशी, सेन्सर बसविलेला आहे आणि त्याच्या डोक्यावर हवा आत नेणारे इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे ॲल्युमिनियमचे ओबडधोबड छप्परच. ऐकण्याच्या दृष्टीने ही जागा उत्तम, कारण दोन्ही ओळींचे ठोके तेथे सारखेच पोहोचतात. दुरुस्त करणाऱ्याच्या दृष्टीने तीच जागा म्हणजे शिक्षा. आखणाऱ्याने गाडीचा विचार केला, पंचवीस वर्षांनी तिच्यावर वाकणाऱ्या माणसाचा केला नाही, असे आम्हांला वाटल्यावाचून राहिले नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही न्यू जर्सी येथे आमच्या भाच्याकडे काही आठवडे होतो. त्याचे बालपण वसईतले. वाडीतल्या पाण्याच्या इंजिनाचे पाने बापाच्या हाती देत देतच तो मोठा झाला. त्याची गाडी १९९९ सालची. चढावर ती दमू लागली होती आणि पेट्रोलही अधिक पिऊ लागली होती, परंतु समोरच्या फलकावर कोणताही दिवा लागलेला नव्हता. या गाडीचे एक वैशिष्ट्य असे की, नॉक सेन्सर बिघडला तरी इशाऱ्याचा दिवा लागत नाही. दोष संगणकाच्या स्मृतीत नोंदला जातो, एवढेच. भाच्याने संकेत वाचणारे यंत्र जोडले तेव्हा पी ०३२५ असा आकडा उमटला. गॅरेजवाल्याने सांगितलेल्या रकमेत सेन्सरची किंमत थोडी आणि मजुरी भरमसाट होती. भाच्याने काम स्वतःच करायचे ठरविले. घरासमोरच्या उताराच्या फरसबंदीवर, दोन शनिवारांत.

या कामातील बराचसा वेळ सेन्सरवर जातच नाही, हे आम्हांला प्रथमच कळले. बॅटरीची तार सोडायची, इंधनाच्या नळीतला दाब उतरवायचा, कूलंट परातीत काढायचा. मग हवेची नळी, थ्रॉटल, वरचे मॅनिफोल्ड, इंधनाची पट्टी, खालचे मॅनिफोल्ड. प्रत्येक नळीला चिठ्ठी बांधायची, नाहीतर परतीच्या वाटेवर कोणती कोठली ते कळणार नाही. उष्णतेने वाळलेले प्लॅस्टिकचे खटके बोटाच्या जोराने तुटतात, म्हणून त्यांना कुरवाळावे लागते. एक बोल्ट गंजून बसला होता. जोर लावला असता तर तो आतच तुटला असता. भाच्याने त्यावर तेल सोडले आणि हात पुसून घरात जाऊन चहा घेतला. तासाभराने बोल्ट सुटला. आम्ही गंमतीने म्हणालो, "ही तर आमच्या कन्फेशनरीतली पद्धत." तो हसला.

मॅनिफोल्ड निघाल्यावर उघड्या पडलेल्या हवेच्या वाटांत त्याने स्वच्छ चिंध्या कोंबल्या, कारण त्यांतून एखादी चकती आत पडली तर सेन्सरच्या पायी सगळे इंजिन जायचे. दरीच्या तळाशी सुकलेली पाने होती, तेलकट माती होती आणि त्यांत तो जेमतेम दीड इंचाचा काळा तुकडा होता, तडा गेलेला.

याच सुमारास शेजारचे एक गृहस्थ कुंपणापाशी आले. भला माणूस, गाड्यांचा जाणकार. त्यांनी सांगितले की, एवढा खटाटोप व्यर्थ आहे. शाबूत सेन्सरचा विद्युत्‌रोध ५०० ते ६२० किलो-ओहम असतो. तेवढ्याच मोलाचा एक रेझिस्टर, जो दुकानात चण्याफुटाण्याच्या भावात मिळतो, तारेच्या टोकाला जोडून द्यावा. संगणकाला वाटते सेन्सर ठीक आहे, दोषाची नोंद मिटते, गाडी पुन्हा जोमाने पळते. ते गेल्यावर भाच्याने आमच्याकडे पाहून विचारले, "मामा, असं केलं असतं तर मी खोटं नेमकं कोणाशी बोललो असतो?"

प्रश्न थट्टेचा नव्हता, आणि तो दिसतो तितका सोपाही नाही. संगणकाला बुद्धी नाही, त्यामुळे तो फसत नाही. त्याच्या बाजूने पाहिले तर येथे कोणताही अन्याय घडलेला नाही. गाडी भाच्याची. उद्या त्याने ती भंगारात घातली तरी कोणाची तक्रार असायचे कारण नाही. मग विजेच्या तारेला जोडलेला एक तुकडा म्हणजे पाप, असे म्हणणे हा अतिरेकच ठरेल.

तरीही, येथे काय घडते ते नीट पाहावे. सेन्सर मोडका ठेवला, तर संगणकाला कळते की आपला कान गेला. मग तो सावध होतो आणि कायमच ठिणगीची वेळ मागे ठेवतो. गाडी मंद चालते, इंधन अधिक लागते, परंतु इंजिन सांभाळले जाते. ऐकू न येणारा मनुष्य रस्ता ओलांडताना दोनदा वळून पाहतो, तसाच हा प्रकार. रेझिस्टर बसविला की ही सावधगिरीच नाहीशी होते. कान आहे असे संगणक मानतो आणि त्या कानातून अखंड शांतता ऐकतो. इंजिन आतून ठोकत असले तरी त्याच्या लेखी सर्व कुशल असते. म्हणजे दुरुस्ती न करता गाडी तशीच हाकणारा आळशी मालक या बाबतीत हुशार मालकाहून अधिक प्रामाणिक ठरतो. आमच्या मते या सगळ्या प्रकरणातील शिकण्याजोगी गोष्ट हीच आहे. अज्ञान उघडे असले की ते स्वतःची काळजी घेते. झाकलेले अज्ञान घेत नाही.

तिसरा एक मार्गही लोक काढतात. खरा, नवा सेन्सर आणायचा, पण दरीत न उतरता लांब तार जोडून तो वरच एखाद्या सोयीच्या बोल्टखाली आवळायचा. येथे कान खरा आहे, जागा मात्र चुकीची, म्हणून त्याला अर्धवट ऐकू येते. ही तडजोड आम्ही निषिद्ध मानत नाही. ज्याला सोमवारी पहाटे कामावर पोहोचायचे आहे आणि ज्याच्याकडे दोन शनिवार नाहीत, त्याने ती केली तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार मोकळा वेळ असणाऱ्यांना नाही. फक्त आपण काय केले आहे, हे त्याने स्वतःपासून लपवू नये.

पुन्हा मूळ प्रश्नाकडे येऊ. यंत्राशी खोटे बोलता येत नाही, हे मान्य. परंतु यंत्रामार्फत बोलता येते. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगन कंपनीला नोटीस दिली, तेव्हा जगाला हेच दिसले. तपासणी चालू आहे हे गाडीतील संगणकाने ओळखायचे आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ सोडायचा, अशी आज्ञावली त्या डिझेल गाड्यांत घातलेली होती. रस्त्यावर मात्र नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात असे. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही आज्ञावली होती, असे कंपनीने स्वतःच सांगितले. भाच्याचा रेझिस्टर आणि हा व्यवहार एकाच तराजूत घालणे अन्यायाचे होईल. एक स्वतःच्या इंजिनाचे नुकसान करतो, दुसरा सर्वांच्या श्वासाचे. तथापि कुळी एकच आहे. ज्याने कळवायचे त्याच्याकडून 'ठीक आहे' एवढेच वदवून घ्यायचे.

आणि स्वतःचे इंजिन तरी कायम स्वतःचे कोठे राहते? जुनी गाडी एक दिवस विकली जाते. विकत घेणारा मनुष्य, बहुधा बेताच्या ऐपतीचा, संकेत वाचणारे यंत्र जोडतो, दोष दिसत नाही, पैसे मोजतो. त्या क्षणी मॅनिफोल्डच्या बाजूला चिकटपट्टीत गुंडाळलेला तो तुकडा एका माणसाशी बोलत असतो. बोलणारा केव्हाच निघून गेलेला आहे. जिभेने उच्चारलेले असत्य कालांतराने विरून जाते, विस्मरणात जाते. धातूत जडविलेली खूण नव्या ऐकणाऱ्याची वाट पाहत राहते. अक्विनास यांच्या काळी खुणेला एवढे आयुष्य नव्हते.

ॲरिस्टॉटलने कौशल्य आणि विवेक यांत एक मार्मिक भेद केला आहे. कौशल्याच्या क्षेत्रात जाणूनबुजून चुकणारा कारागीर न जाणता चुकणाऱ्यापेक्षा श्रेष्ठ. त्याला निदान बरोबर काय ते ठाऊक असते. विवेकाच्या क्षेत्रात नेमके उलटे. शेजारच्या गृहस्थांचे कौशल्य निःसंशय वरच्या दर्जाचे होते. किती ओहम लागतात, हे सामान्य माणसाला थोडेच ठाऊक असते! पण जितके ज्ञान अधिक, तितकी सबब कमी.

भाच्याने दुसऱ्या शनिवारी नवा सेन्सर बसविला. बसविण्यापूर्वी तळाची जागा त्याने कापडाने घासून लख्ख केली, कारण सेन्सरचा तळ आणि इंजिनाचा धातू यांत माती, रंग किंवा चकती राहिली तर ठोका नीट पोहोचत नाही. बोल्टही मनगटाच्या अंदाजाने नव्हे, तर टॉर्क रेंच लावून, पुस्तकात दिलेल्या आकड्याइतकाच आवळला. सैल राहिला तर कान बहिरा, अति आवळला तर तुकड्याला तडा. सेन्सरपासून वर येणारी तारही, जुनी ठिसूळ झाली म्हणून, त्याने बदलली. मॅनिफोल्डला नवी गॅस्केटे घातली आणि बोल्ट सांगितलेल्या क्रमाने, थोडेथोडे करून, तीन फेऱ्यांत आवळले. छप्पर बसल्यावर यातले काहीही दिसणार नव्हते. गॅरेजमध्ये मोबदला देऊन हे काम करून घेतले असते, तर जागा घासली की नाही हे त्या कारागिरावाचून कोणालाही कधी कळले नसते. त्याने न घासता तेवढेच पैसे घेतले असते, तरी पावती तीच मिळाली असती. कारागिरावर आपण टाकतो तो विश्वास प्रत्यक्षात एवढ्याशाच वीतभर जागेवर टाकलेला असतो.

तीन वर्षांनी, २०२२ मध्ये, त्याने ती गाडी विकली. कोणत्या वर्षी काय बदलले आणि काय बदलायचे राहिले आहे, याची एक पानभर यादी त्याने घेणाऱ्याच्या हाती दिली. घेणाऱ्याने ती न वाचताच घडी घालून खिशात ठेवली आणि टायर किती जुने आहेत, ते विचारले, असे भाच्याने आम्हांला फोनवर सांगितले.