त्याला कोणी विचारले?

निकाल लागला की पालक पेढे घेऊन येतात. दोन वर्षांपूर्वी एक पालक पेढ्यांबरोबर मुलालाही घेऊन आले. हा माझा जुना विद्यार्थी. सेरेब्रल पाल्सीमुळे त्याचे हात थरथरतात, चालताना आधार लागतो, एकेक शब्द बोलायला वेळ लागतो. बुद्धी मात्र तल्लख. बी.कॉम. झाला होता. अब्बा म्हणाले, "सर, कॉलेज होतं तोवर ठीक होतं. आता याचं काय करायचं?"

मी लगेच मास्तरकी सुरू केली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांतले आरक्षण 3 वरून 4 टक्के झाले आहे, 40 टक्क्यांचे प्रमाणपत्र हवे, वयात सवलत मिळते, तेव्हा फॉर्म भरत राहायचे, असे सारे लिहून तो कागद अब्बांच्या हातात दिला. ते उठले तेव्हा मुलगा सावकाश म्हणाला, "सर, मला... कुणी विचारलंच नाही."

परीक्षेत त्याला जादा वेळ मिळावा म्हणून भांडणारा मीच. त्या दिवशी मला त्याच्यासाठी पाच मिनिटे थांबवले नाही.

आपल्या समाजात अपंगांविषयी रहम पुष्कळ आहे. सवाबही त्यात मिळत असेल. पण रहम करणारा बोलतो आणि ज्याच्यावर रहम होतो तो ऐकतो, हे कुठवर चालायचे? इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) अंध होते. त्यांना अजान देण्याचे काम मिळाले, पैगंबर (स.) मदिनेबाहेर असताना शहराची जबाबदारीही मिळाली. हा किस्सा आपण तकरीरीत ऐकतो, मान डोलावतो आणि घरी येऊन आपल्या अपंग मुलाला पाहुण्यांसमोर आतल्या खोलीत बसवतो. कायदासुद्धा आता पालकाला मर्यादित पालकच म्हणतो. ज्याला स्वतःचा निर्णय घेणे खरोखर जमत नाही, त्याच्याबाबतही त्याच्याशी सल्लामसलत करूनच निर्णय घ्या, असे 2016 च्या कायद्यात आहे. आमचा मुलगा तर पदवीधर होता.

एवढे सुचल्यावर मी मोठ्या उत्साहाने त्यांच्या घरी गेलो. अब्बांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, "विचारतो की. पण उद्या त्याचा धंदा बुडाला तर उधारी कोण फेडणार? त्याला आंघोळ त्याची अम्मी घालते. तिचे गुडघे गेलेत. तिला कुणी विचारलं, सर?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. निवड एकाची आणि तिचा भार दुसऱ्याच्या कमरेवर, हा पेच खराच आहे. तो पुस्तकी हक्कांच्या भाषेने सुटत नाही. पण म्हणून मुलाचे तोंड बंद केल्याने अम्मीचे गुडघे बरे होतात काय? बहुतेक घरांत या प्रश्नावर एकच तोडगा ठरलेला असतो: मोठ्याची बायको येईल, ती बघेल. म्हणजे जी मुलगी अजून घरात आलीही नाही, तिच्या नावावरही आपण परस्पर निर्णय लिहून मोकळे! कॉलेजनंतरचे नियोजन म्हणजे नोकरीचा फॉर्म, ही माझीच चूक होती. पहाटे उठवणार कोण, दवाखान्यात नेणार कोण, पैसा कोणाच्या खात्यात, आईबाप गेल्यावर काय, हे सारे त्यात येते. आणि ते त्या मुलाला वगळून ठरवायचे म्हणजे सामान कुठे ठेवायचे हे ठरवण्यासारखे आहे.

त्या दिवशी चौघे बसलो. मी घड्याळ काढून खिशात ठेवले. त्याला बोलायला वेळ लागला, मध्ये अब्बांनी दोनदा वाक्य पुरे करायचा प्रयत्न केला, अम्मीने त्यांना गप्प बसवले. मोहल्ल्यातल्या दोन दुकानदारांचे जीएसटीचे काम तो मोबाइलवर आधीपासून करत होता. घरात कोणाला ठाऊक नव्हते. तेच वाढवायचे म्हणाला. सरकारी फॉर्मही भरीन, पण मीच भरीन.

मग जरा थांबून म्हणाला, "ते नंतर. आधी संडासात... भिंतीला धरायला दांडी लावा. म्हणजे अम्मीला हाक मारायला नको."

अम्मी उठून आत गेली. अब्बा माझ्या त्याच कागदाच्या मागच्या बाजूला गवंड्याचा नंबर लिहून घेऊ लागले.