पाहण्याचा अधिकार

बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग यानें नॉइश्वानस्टाइनचा वाडा सन १८६९ मध्यें बांधावयास घेतला, तो एकांतासाठीं. वेडा ठरविलेला हा राजा १८८६ च्या जूनमध्यें मृत्यु पावला आणि सातच आठवड्यांनीं वाडा तिकिटावर खुला झाला. मोल देऊन आम्हीहि आंत गेलों. परक्याचा एकांत पाहण्याचा अधिकार मोलानें मिळतो काय?

कोणी म्हणेल, दार बंद राहिलें असतें, तर कारागिरांचें कौशल्य अंधारांतच राहतें. खरें आहे, कारागिरांनीं एकांत मागितला नव्हता. परंतु शयनगृहांतील लांकडी नक्षीसमोर उभे असतां आम्हीं प्रथम विचारलें, तें राजाच्या वेडाविषयीं! दार उघडलें हा दोष नव्हे. आंत जाऊन काय शोधलें, याचा जाब मात्र ज्याचा त्यानेंच द्यावयाचा आहे.