वेळ जुळवणं म्हणजे काय?

आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर ठरते. लातूर तिथून सुमारे सहा अंश पश्चिमेला, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या सरासरी २४ मिनिटं मागे. तरी ‘एनटीपी’ नेटवरून वेळ विचारून फोन-कॉम्प्युटरची मिलिसेकंदांची चूक काढत राहतं. २४ मिनिटांचं खोटं चालतं, तर हा हट्ट कशाला?

उत्तर किल्लारीत सापडतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६च्या सुमारास. भूकंपाचं केंद्र शोधतात ते लाट कुठल्या वेधशाळेत कधी पोचली त्यावरून. पहिली लाट खडकातून सेकंदाला साधारण सहा किलोमीटर धावते. एक घड्याळ सेकंदभर चुकलं की हिशेब किलोमीटरांनी सरकतो. घड्याळं सूर्याशी नाही जुळली तरी चालेल, एकमेकांशी जुळायलाच हवीत.

पण सगळी मिळून चुकली तर? एनटीपी अनेक सर्व्हरना विचारतं, फटकून सांगणाऱ्याला वगळतं. तरी साखळीच्या टोकाला अणुघड्याळ लागतंच. माणसांचंही तसंच. माझ्या शब्दावर कुणीतरी हिशेब मांडणार, म्हणून मी अचूक राहायचं. आणि एकमत झालं तरी कुणीतरी थेट वस्तुस्थितीकडे बघत राहायला हवं.